डिस्चार्ज बुकात पदक चढलं नसेल तर: नोंद दुरुस्त करून घेण्याची वाट

माजी सैनिकाची पदकं आणि त्याचं डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका) शेजारी ठेवून पाहिलं की बऱ्याच घरांत मेळ बसत नाही. कुठे पदक पेटीत आहे, पण बुकात त्याचं नाव नाही. कुठे बुकात नाव आहे, पण पदक कधी हातात आलं नाही. आणि काही जण लढाईत होते, थंडीत उभे होते, पण ना पदक मिळालं ना नोंद झाली. या तिन्ही अडचणींचा अर्ज वेगळा आणि पुरावाही वेगळा. सरसकट 'मला माझी पदकं मिळावीत' असं लिहून पाठवलं की रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे सैनिकांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून, दोन ओळींचं उत्तर येतं आणि माणूस तिथंच थांबतो. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी आपली अडचण यांपैकी कोणती ते ठरवा.

नोंद कुठून सुरू होते

डिस्चार्ज बुक ही शेवटची नक्कल असते. मूळ नोंद होते यूनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये. बढती, लग्न, मूल, रजा, जखम, पदक, सैनिकाच्या बाबतीत जे काही घडतं ते यूनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला आणि पगाराच्या हिशेबासाठी पीएओला (वेतन लेखा कार्यालयाला) जाते. रेकॉर्ड ऑफिस तिच्यावरून शीट रोलमध्ये (सैनिकाच्या सेवापत्रकात) नोंद चढवतं आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. या साखळीत कुठेही एक कडी सुटली की पुढचं सगळं कोरं राहतं. म्हणून फक्त 'बुकात नोंद करा' एवढं मागू नका. आधी विचारा, 'या पदकाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, आणि निघाली असेल तर तिचा क्रमांक व तारीख काय?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची वाट ठरते.

कडी सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त घोळ पोस्टिंगच्या वेळी होतो. यूनिटनं पदकाच्या नावांची यादी केली तेव्हा जवान दुसरीकडे गेलेला असतो, आणि नव्या यूनिटला तो आधी कुठे होता याच्याशी देणंघेणं नसतं. राष्ट्रीय रायफल्स या, वेगवेगळ्या रेजिमेंटांतून जवान घेणाऱ्या दलात गेलेल्यांचं हेच होतं. गार्ड्स रेजिमेंटचा जवान २१ राष्ट्रीय रायफल्समध्ये किंवा महार रेजिमेंटचा जवान १ राष्ट्रीय रायफल्समध्ये असला, तरी त्याचे कागद मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्डमध्येच राहतात, आणि तिकडच्या काळातली एखादी ऑर्डर मूळ रेकॉर्डपर्यंत पोचतच नाही.

दुसरी जागा आर्मी नंबरची. नंबराच्या शेवटी एक अक्षर असतं. ते चुकलं किंवा सुटलं की नोंद अधांतरी राहते. नायब सुभेदार झाल्यावर जेसीओचा (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा) नवा नंबर मिळतो. जुन्या नंबरावर निघालेली पदकाची ऑर्डर नव्या कागदावर कधी चढते, कधी नाही. निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) भरती झालेल्यांचा तर नंबरही बदलतो आणि रेकॉर्ड ऑफिसही. म्हणून अर्जावर सेवेत मिळालेले सगळे नंबर लिहायचे, शेवटच्या अक्षरासकट.

तिसरी जागा नावाची. आपल्याकडे 'रामदास' हा एक शब्द, फौजेच्या कागदावर तो 'राम दास' होतो. वानखडेचा वानखेडे होतो, वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं. जिल्ह्याचंही तसंच. भरतीच्या वेळी अकोला जिल्हा लिहिलेलं गाव १ जुलै १९९८ पासून वाशिममध्ये आहे. भंडाऱ्याचं गाव १ मे १९९९ पासून गोंदियात, आणि चंद्रपूरचं २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोलीत. रेकॉर्डमधला बाबू नकाशा काढून बसत नाही. पत्ता जुळला नाही की तो शंका काढतो. अर्जात सरळ लिहा: 'भरतीच्या वेळचा जिल्हा अकोला, आताचा वाशिम, गाव तेच.'

आपल्याला कोणतं पदक लागू होतं ते आधी पाहा

काही पदकांना पुरावा शोधावाच लागत नाही, तो डिस्चार्ज बुकातच असतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्याला स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं पदक, १५ ऑगस्ट १९९७ रोजी असलेल्याला ५० व्या वर्धापनदिनाचं आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी असलेल्याला ७५ व्याचं. भरतीची आणि निवृत्तीची तारीख बुकात छापलेली असते, त्यामुळे ही मागणी कोणी नाकारू शकत नाही. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवा पदकांनाही मुख्य आधार सेवेच्या तारखांचाच. ही सोपी पदकं एका अर्जात आणि कठीण पदकं दुसऱ्या अर्जात मागा. एकत्र मागितली की कठीण पदकाच्या चौकशीत सोपंही अडकून पडतं.

मोहिमेच्या पदकांना मात्र तुम्ही त्या काळात त्या जागी होता हे दाखवावं लागतं. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि त्याहून बऱ्याच मोठ्या भागात तैनात असलेल्यांना संग्राम मेडल. त्यामुळे प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्या जवानाच्या बुकात स्टार आणि संग्राम मेडल दोन्ही दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर दुसऱ्याबद्दल विचारा. श्रीलंकेत शांतिसेनेत असलेल्यांना स्पेशल सर्व्हिस मेडल, त्यावर श्रीलंकेचा क्लास्प, म्हणजे फितीवरची नावाची पट्टी. १९९९ च्या कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. २००१-०२ च्या सीमेवरच्या जमवाजमवीसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल. ९,००० फुटांवर एकूण १८० दिवस काढलेल्यांना हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडल. हे १८० दिवस सलगच हवेत असं नाही, तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात.

क्लास्पबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. सैन्य सेवा मेडलसारखं पदक एकदाच मिळतं. दुसऱ्या भागात सेवा केली तर त्याच पदकाच्या फितीवर दुसऱ्या भागाच्या नावाची पट्टी लागते. तेव्हा 'दुसरं पदक द्या' अशी मागणी नामंजूर होते. 'जम्मू-काश्मीरचा क्लास्प नोंदलेला आहे, हिमालयाचा राहिला आहे' असं लिहिलं की काम पुढे सरकतं.

युद्धात जखमी झालेल्यांसाठी पूर्वी वूंड मेडल होतं, आता त्याला पराक्रम पदक म्हणतात. इथे नोंदीचं वजन फार मोठं आहे. पदकासोबत 'बॅटल कॅज्युअल्टी' (युद्धात जखमी) ही नोंदही तपासून घ्या, कारण युद्धजखमेची पेन्शन त्या नोंदीवर उभी असते.

पेटीतले पुरावे

पदक हातात असेल तर ते भिंगाखाली धरा. मोहिमेच्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीइतक्या पट्टीवर, नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. काळवंडलेलं पदक चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, अक्षरं झिजतात. सुक्या सुती कापडानं हलक्या हातानं पुसा, सकाळच्या तिरप्या उन्हात धरा आणि मोबाइलवर कडेचे चार-पाच फोटो काढा, म्हणजे गोल फिरवत सगळी अक्षरं येतात. या कोरीव नावाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. पदक सरकारनं त्याच माणसाला दिलं होतं, फक्त कागदावर चढायचं राहिलं, हे त्यातून सिद्ध होतं. बाजारातून विकत घेतलेल्या नकलेवर मात्र असं कोरलेलं नाव नसतं आणि ती पुरावा म्हणून चालत नाही.

पदक नसेल तर जागेचा आणि काळाचा पुरावा गोळा करा. मूव्हमेंट ऑर्डर, रजेचं सर्टिफिकेट, लष्करी इस्पितळाची डिस्चार्ज स्लिप, कोर्सचा दाखला. पीएओकडून येणारी पगाराची जुनी पत्रकं तर जपून ठेवा. त्यात फील्ड किंवा हाय अल्टिट्यूड भत्ता कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाला ते दिसतं, आणि सरकारनं भत्ता दिला म्हणजे माणूस तिथे होता हे सरकारनंच मान्य केलेलं असतं. घरी पाठवलेली पत्रंही फेकू नका. '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) हा फौजेच्या टपालाचा पत्ता पश्चिम आणि उत्तरेकडचा, '९९ एपीओ' पूर्वेकडचा. पाकिटावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. १९७१ च्या डिसेंबरचा ९९ एपीओचा शिक्का पूर्व आघाडीचा दावा भक्कम करतो. पत्र उलगडताना घडीवर फाटत असेल तर जबरदस्ती करू नका, बाहेरचा शिक्का तेवढा पुरेसा आहे.

साक्षीदारही लागतात. त्याच यूनिटमध्ये त्याच काळात असलेल्या दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं घ्या. त्यांत त्यांचा नंबर, हुद्दा, यूनिट, कंपनी, आणि 'अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आम्ही अमुक ठिकाणी सोबत होतो' असं स्पष्ट वाक्य हवं. त्यांच्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. एखाद्याच्या बुकात तेच पदक नोंदलेलं असेल तर ते पान ठळक खूण करून पुढे ठेवा. १९६५ आणि १९७१ चे साथीदार आता वयाच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. बाकी कागद महिन्याभरानं गोळा केले तरी चालतील, ही प्रतिज्ञापत्रं मात्र या आठवड्यात करून घ्या.

घरच्या कागदांना उंदीर आणि वाळवी दोन्ही लागतात. सगळं पन्नीत घालून, कडुलिंबाचा पाला टाकून, जमिनीपासून वर ठेवा. पण डिस्चार्ज बुकाचं लॅमिनेशन कधीही करू नका. लॅमिनेट केलेल्या पानावर रेकॉर्ड ऑफिसला नवी नोंद लिहिता येत नाही, शिक्का उमटत नाही. झेरॉक्स सेंटरवाला चांगल्या मनानं सुचवतो, तरीही नको.

अर्ज कुठे पाठवायचा

जवान आणि जेसीओ यांचा अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. आपल्या भागातल्या लोकांना लागणारी मुख्य ठिकाणं अशी: गार्ड्सचं कामठीला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, आर्मर्ड कोरचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं आणि ऑर्डनन्सचं सिकंदराबादला, मेडिकल कोरचं लखनौला, डीएससीचं केरळात कन्नूरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचं नौसैनिक ब्यूरो, वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचे कागद सेना मुख्यालयात असतात. गार्ड्सवाल्यांना नागपूरहून कामठी अर्ध्या तासाची वाट आहे, त्यांनी स्वतः जाणंच बरं. जाताना ओळखपत्र आणि मूळ बुक दोन्ही न्यावं.

थेट पाठवता येतं, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला अर्ज जास्त चालतो. त्यांच्या शिफारसपत्रावर जावक क्रमांक पडतो, प्रती प्रमाणित होतात आणि पाठपुराव्याचं पत्र त्यांच्या लेटरहेडवर जातं. तालुक्याच्या गावाला दर महिन्याला संपर्क दिवस होत असेल तर जिल्ह्याला जाण्याची फेरी वाचते, तारीख फोनवर विचारून घ्या. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वावर सोडून जाणं जमत नाही. तेव्हा एकाच खेपेत सगळं नेलं तर पुन्हा जायची वेळ येत नाही.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, सागर किंवा कन्नूरला मराठी वाचणारा भेटेलच असं नाही. लांबण लावू नका, शौर्यकथा सांगू नका. मजकुराचा साचा मराठीत असा:

'विषय: सेवा अभिलेखात पदकाची नोंद घेण्याबाबत. मी, नंबर अमुक, हुद्दा अमुक, नाव अमुक, अमुक यूनिटमधून अमुक तारखेला निवृत्त झालो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी अमुक यूनिटमध्ये अमुक भागात होतो. या सेवेसाठी अमुक पदक लागू होतं, त्याची नोंद माझ्या डिस्चार्ज बुकात नाही. कृपया (१) माझ्या शीट रोलमध्ये या पदकाची नोंद आहे का ते कळवावं, (२) असल्यास पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख देऊन डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करावी, (३) नसल्यास पात्रता तपासून ऑर्डर काढण्याची कार्यवाही करावी, (४) पदक वितरित झालं नसल्यास ते मिळण्याची व्यवस्था करावी.'

खाली सध्याचा पत्ता, मोबाइल, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक आणि जोडपत्रांची यादी. प्रत्येक जोडपत्रावर क्रमांक टाका. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या पानांची प्रत द्या, कोरी पानंसुद्धा. नोंद नाही हे कोऱ्या पानानंच दिसतं. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीवर चिकटवून ठेवा.

मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जासोबत पाठवू नका. नोंद मंजूर झाल्यावर रेकॉर्ड ऑफिस मूळ बुक मागवतं, तेव्हा पाठवा. त्याआधी रंगीत स्कॅन करून एक प्रत मोबाइलमध्ये, एक मुलाकडे आणि एक सैनिक कल्याण कार्यालयात ठेवा. 'मूळ बुक, पानं अमुक, परत मिळावं' असं सोबतच्या पत्रात लिहा.

उत्तर येत नसेल किंवा नकार आला असेल

दोन महिने वाट पाहून जुन्या अर्जाचा संदर्भ देत स्मरणपत्र पाठवा. त्यानंतर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: आपल्या शीट रोलची प्रमाणित प्रत, पदकांशी संबंधित पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या नोंदी. 'पदक का दिलं नाही?' असा प्रश्न विचारू नका. हा कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बऱ्याचदा शीट रोलची प्रत हातात आली की अर्धी लढाई संपते, कारण नोंद तिथे असते, फक्त बुकात उतरलेली नसते.

ऑर्डर कधी निघालीच नसेल तर यूनिटची साक्ष लागते. रेकॉर्ड ऑफिस यूनिटला विचारतं, यूनिटचे जुने कागद तपासले जातात. इथे सहा-आठ महिने सहज जातात. यूनिटच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात किंवा रेजिंग डेला जाणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याच्यामार्फत सध्याच्या सुभेदार मेजर साहेबांच्या हाती अर्जाची प्रत द्या. यात गैर काही नाही. यूनिटला आपल्या माणसाची ओळख पटते आणि उत्तर लवकर निघतं.

विनापेन्शन घरी आलेल्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केली जातात, आणि तसं उत्तर आलं की लोक हात टेकतात. पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नावनिशीवार नोंदवही, कायम ठेवला जातो. त्यात तपशील थोडाच असतो, तरी नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्ज यांच्या तारखा मिळतात. लाँग रोलचा उतारा मागा, त्याला पेटीतले पुरावे आणि साथीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडा आणि पुन्हा अर्ज करा.

लेखी नकार आला किंवा अर्जाला सहा महिने उत्तरच नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं दार खुलं आहे. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ. तिथे सहा महिन्यांची मुदत मोजली जाते, उशीर झाला तर त्याचं कारण देऊन माफी मागावी लागते. सैनिकाच्या पत्नीला, खरं तर कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. वर्धापनदिनाच्या पदकासाठी कोर्टात जाण्याची गरज पडू नये. जखमेच्या नोंदीसाठी मात्र जावं लागलं तर जावं.

सैनिक हयात नसेल तर

पत्नीचं नाव रेकॉर्डमध्ये वारस म्हणून नोंदलेलं असतं, त्यामुळे अर्ज तिच्याच नावानं करणं सोपं. सोबत मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनच्या पीपीओची प्रत, आधार. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यात इथेच गाडी अडते. रेकॉर्डमध्ये 'शांता', आधारवर 'शांताबाई'. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, मागायची वाट पाहू नका. पत्नीही नसेल तर मुलामुलींपैकी एकानं अर्ज करावा आणि बाकीच्या सगळ्या वारसांची लेखी संमती जोडावी. लग्न झालेल्या बहिणींची संमतीही हवी, ती वगळली की अर्ज परत येतो.

शौर्य पदकांचा मामला

परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंतची शौर्य पदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. तिथला अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख हाच पुरावा. 'माझी शिफारस झाली होती' एवढ्यावर नोंद होत नाही, कारण मंजूर न झालेल्या शिफारशीला दुरुस्त करण्यासारखी नोंदच नसते. हे ऐकायला कठोर आहे, पण त्या आशेवर घरातले पैसे एजंटाला देऊ नका.

सेवेच्या पदकांना महिन्याचा भत्ता नाही, शौर्य पदकांना आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्राचा दर परमवीर चक्राला २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि सेना मेडलला २,००० रुपये दरमहा ठरला. सेना मेडल दोन प्रकारचं असतं, शौर्यासाठी आणि विशिष्ट सेवेसाठी, आणि भत्ता फक्त शौर्याच्या मेडलला. नोंदीत नुसतं 'सेना मेडल' लिहिलेलं असेल तर ते शौर्यासाठी असल्याचं रेकॉर्ड ऑफिसकडून स्पष्ट करून घ्या. भत्ता पीपीओत चढायला रेकॉर्ड ऑफिसनं प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला कळवावं लागतं, मग सुधारित पीपीओ निघतो. तो स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. गावातल्या सीएससी केंद्रात लॉगिन करून पाहता येतो. ओटीपी मात्र कोणाला फोनवर सांगू नका, पदकाच्या थकबाकीचं आमिष दाखवून खातं रिकामं करणारे फोन येतात.

बुक परत आलं की टपालाच्या पाकिटासकट उघडून तिथल्या तिथे तपासा: पदकाचं पूर्ण नाव, क्लास्प, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख, अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. यातलं एक जरी राहिलं असेल तर लगेच परत पाठवा. सगळं बरोबर असेल तर त्या पानाची प्रत सैनिक कल्याण कार्यालयात देऊन तिथल्या नोंदणी कार्डावरही पदक लिहून घ्या.